होयबाची साक्ष

माझ्या भावोजींना चाळीत सगळे होयबा म्हणायचे. याइतकं खोटं नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. घरात त्यांनी कुणाच्या मनासारखं काही केल्याचं मला आठवत नाही. ताईनं भिंतीसाठी निळा रंग सांगितला की पिवळा घरी यायचा. मी टेलर. एकदा मोठ्या हौसेनं त्यांना शर्ट शिवून दिला, तर दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. "बाह्या आखूड झाल्यात, मेहुणीबाई," म्हणाले, आणि स्टुलावर ठाण मांडून दोन्ही बाह्या उसवून घेतल्या. असा माणूस होयबा कसा? तर मानेमुळे. कुणी काहीही म्हटलं की त्यांची मान खालीवर व्हायची. त्या मानेनं त्यांचं काय केलं ते सांगते.

पोत्यांचं कापड विणायच्या कारखान्यात ते माग चालवत. मी एकदाच आत गेले होते, ते डबा विसरले म्हणून द्यायला. बाहेर आल्यावर बराच वेळ मला माझाच आवाज परका वाटत होता. मागांच्या खडखडाटात तिथे तोंडानं बोलून काही उपयोग नसतो. माणसं नुसते ओठ हलवतात, समोरचा ओठ वाचतो, आणि ओठांतून जे सुटतं ते हातांनी सांगतात. आणि तिथला एक नियम कुठेही लिहिलेला नाही, पण नवा माणूस पहिल्या दिवशी तो शिकतो: कुणी तुझ्याकडे वळून ओठ हलवले की लगेच मान हलवायची. कळलं असो नसो. त्या मानेचा अर्थ ‘हो’ असा नसतोच. ‘तुझं पोहोचलं, हातातला धागा बांधला की बघतो’ एवढाच असतो. मान हलवली नाही तर समोरचा येऊन खांद्याला हात लावणार, आणि चालत्या मागात हात असलेला माणूस दचकला तर बोट जातं. त्या खात्यात बोटं गेलेली माणसं होती, म्हणून बाकीचे माना हलवायचे.

वर्षानुवर्षं त्या खडखडाटात उभं राहून कान जातात. सगळ्यांचेच गेले होते, पण कबूल कुणी करत नसे. कारखान्यात दरवर्षी तपासणी व्हायची. डॉक्टर टेबलापलीकडे समोर बसून विचारायचा, "ऐकू येतं ना नीट?" हे त्याचे ओठ वाचून म्हणायचे, "येतं की!" की लागला शिक्का. बहिरा ठरला तर मागावरून काढून फाटकाशी झाडू मारायला लावत, नाहीतर सरळ घरी पाठवत. त्यामुळे अख्खं खातं ठार बहिरं, आणि कागदोपत्री सगळ्यांचे कान सशासारखे.

घरी ताईला हे पाठ झालं होतं. समोर जायचं, चेहऱ्यावर उजेड येऊ द्यायचा, मग बोलायचं. पाठमोरं बोललं तर कपाळाला हात लावायची वेळ. "मीठ कमी आहे का हो?" मान हलली. "मग जास्त झालंय?" पुन्हा हलली. आम्ही दोघी हसून हसून बेजार व्हायचो आणि ते भडकायचे, काय हसताय म्हणून. चाळीतल्या बाकीच्यांना मात्र काही माहीत नव्हतं. बहुतेक दुसऱ्या खात्यांतल्या कामगारांच्या खोल्यांची ती लांब रांग, दारं एकमेकांना चिकटलेली, तिथे सगळ्यांचं मत एकच: गरीब माणूस आहे हो, कुणाला नाही म्हणत नाही.

त्याच रांगेत शेवटून दुसऱ्या खोलीत तेलवाला राहायचा. तो कारखान्यात लांब नळीचा डबा घेऊन मागामागाला तेल घालत फिरायचा. वयानं भावोजींपेक्षा बराच लहान, नवा, कान अजून शाबूत. ओठांची भाषा त्याला भावोजींनी शिकवली. दोघं डबा बरोबर खायचे, आणि दुरून बघितलं तर दोन मुके भांडतायत असं वाटायचं. तो नि त्याची बायको राहायला आली तेव्हा त्यांचं लोखंडी कपाट भावोजींनी एकट्यानं पाठीवर वाहून आणलं होतं, आणि नंतर आठवडाभर कंबर धरून ताईच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तेलवाल्याच्या बायकोला ते वहिनी म्हणायचे. ती त्यांना दादा म्हणायची.

आता ती आग.

खात्याच्या टोकाला एक खोली होती. पाळी संपली की विणकरांनी आपापल्या मागाखालचा केर, तुटका ताग, धाग्यांचे गुंते तिथे नेऊन टाकायचे. खोलीला लोखंडी सरकता दरवाजा. तो उघडा ठेवला तर तागाची धूळ उडून पुन्हा मागांवर बसते, म्हणून जो बाहेर येईल त्यानं ओढून घ्यायचा, हाही नियमच. कारखान्यानं जागा वाचवायला तेलाची पिंपं त्याच खोलीत मागच्या बाजूला रचली होती. पेटणारा ताग आणि तेल एका खोलीत, आणि वर उघड्या वायरी. हे ज्याला सुचलं तो आज कुठल्यातरी गार केबिनमध्ये बसलेला असणार.

त्या दुपारी शेवटचा केर भावोजींनी टाकला. आत नजर टाकली, कुणी दिसलं नाही. दरवाजा ओढला आणि नळावर हात धुवायला गेले. तेलवाला पिंपांच्या मागे वाकून डबा भरत होता. हात धुऊन होईतो धूर आला. तापून दरवाजा रुळात अडकला. भावोजींनी तो ओढून ओढून हाताची कातडी सोलून घेतली, पण दरवाजा उघडेपर्यंत आत वाचवायला कुणी उरलं नव्हतं.

कारखान्यानं सांगितलं, सिगारेट. शेवटी आत कोण गेलं होतं? होयबा. मग त्याचीच सिगारेट. पिंपं आणि वायरी यांचं नाव कुणी काढेना. वास्तविक ताईला दमा झाला तेव्हाच भावोजींनी सिगारेट सोडली होती, आणि सोडल्यावर वर्षभर आम्हा सगळ्यांचं जिणं हराम केलं होतं. पण खापर फोडायला डोकं लागतं, आणि हे डोकं तर आपणहून खालीवर होत होतं. चौकीत अधिकारी खाली मान घालून लिहिता लिहिता विचारत होता. सिगारेट ओढत होतास? यांनी मान हलवली. आत टाकलीस? मान हलवली. पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून बसले होते बिचारे. साहेब काहीतरी म्हणतोय, लिहून झालं की वर बघेल, मग बोलू, असं त्यांच्या मनात. साहेबानं वर बघितलंच नाही.

जामिनावर सुटून आले त्या संध्याकाळी तेलवाल्याची बायको ताईकडे आली. दारातच उभी राहिली. रडली नाही, आरडाओरडा केला नाही. भावोजींच्या समोर उभी राहून म्हणाली, "दादा, तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण आत काय झालं ते मला कुणी सांगत नाहीये. ते शेवटी काही बोलले का, ओरडले का, काहीच माहीत नाही मला."

भावोजींनी तिचा शब्द न् शब्द वाचला. म्हणाले, "वहिनी, मी कोर्टात सांगेन. शपथ घेऊन, सगळ्यांसमोर सांगेन. तुम्ही या ऐकायला."

ती म्हणाली, "येईन."

पुढचं सगळं त्या एका शब्दावर लटकलं. जेलची भीती त्यांना नव्हती असं नाही, पण घरात बोलताना ते जेलचं नाव काढत नसत. "वहिनींना सांगायचंय," एवढंच धरून बसले होते.

माझं दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत. वकिलांचे काळे कोट शिवणं हाच माझा धंदा, त्यामुळे वकील शोधायला मला लांब जावं लागलं नाही. कोण पोटावर बटण ताणून लावतो आणि कोण फाटका खिसा महिनोन् महिने तसाच ठेवतो ते मला ठाऊक असतं. मी फाटक्या खिशाची वकीलबाई निवडली. तरुण, तोंडानं फटकळ, मला मावशी म्हणायची. तिनं पहिल्याच दिवशी दम भरला, "तेलवाल्याची बायको सरकारी साक्षीदार आहे. तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. रस्त्यात भेटली तरी नाही." म्हणून एकाच रांगेत राहून ही दोन घरं परक्यासारखी वावरायला लागली. पाण्याच्या नळावर ती असली की ताई बादली घेऊन परत यायची.

साक्षीची तालीम वकीलबाईच्या ऑफिसात झाली. एक टेबल, फायलींचे ढीग, आणि एक पंखा जो फिरण्यापेक्षा कुरकुरच जास्त करायचा. ती म्हणाली, "काका, आता मी सरकारी वकील. मी विचारते, तुम्ही उत्तरं द्या." आधी समोर उभी राहून विचारलं. भावोजींनी छान उत्तरं दिली, आवाज जरा चढा, पण स्पष्ट. मग ती खऱ्या वकिलासारखी फेऱ्या मारायला लागली. खिडकीपाशी गेली, पाठ फिरवून म्हणाली, "म्हणजे आग तुमच्यामुळेच लागली." भावोजींनी मान हलवली. "तेलवाल्याशी तुमचं भांडण होतं." मान हलवली. कागद तोंडासमोर धरून ती म्हणाली, "तुम्ही त्याला कोंडलंत." मान हलवली, आणि वर माझ्याकडे बघून हसले, कसं चाललंय म्हणून.

तिनं कागद टेबलावर आपटले. "मावशी, यांना पिंजऱ्यात उभं केलं तर हे स्वतःच्या हातानं जेलचं दार लावून घेतील."

मी भावोजींना समोर बसवून सांगितलं काय झालं ते. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मग मान धरून ठेवीन. शपथेवर सांगतो, हलवणार नाही." आम्ही तेही करून बघितलं. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यात त्यांना मागाच्या खडखडाटासारखंच काहीतरी ऐकू यायला लागलं आणि माणूस आणखीच माना हलवायला लागला.

"ऐकू येत नाही म्हणून सरळ सांगू या ना कोर्टाला," मी म्हटलं.

वकीलबाई भावोजींसमोर येऊन बसली. हळू, एकेक शब्द सोडत बोलली, त्यांना वाचता यावं म्हणून. "काका, सांगता येईल. पण मग समोरचा पहिला प्रश्न काय विचारेल? तुम्ही दरवाजा ओढला तेव्हा आतल्या माणसानं हाक मारली असती तर तुम्हाला ऐकू आली असती का?"

भावोजींनी मान हलवली नाही. ते आपल्या हातांकडे बघत बसले. हातांवरची नवी कातडी अजून गुलाबी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न त्यांना नवा नाही. दरवाजा ओढल्या दिवसापासून हा माणूस तो एकट्यानं चघळत होता, आणि आम्हाला वाटत होतं की जेलच्या धास्तीनं जेवण जात नाहीये.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "नाही बोलत."

वकीलबाईनं समजावलं की साक्ष देणं न देणं ही आरोपीची मर्जी. नाही दिली तर त्यावरून कुणी बोट दाखवायचं नाही, सरकारी वकिलानं तर मुळीच नाही. तसा कायदाच आहे. मला फार बरं वाटलं तेव्हा. कायद्यावर माझा किती विश्वास होता बघा.

खटला चालला. चौकीतला अधिकारी म्हणाला, आरोपीनं मानेनं कबूल केलं. वकीलबाईनं विचारलं, सही आहे का, शब्द आहे का एखादा? नव्हता. वीज तपासणाऱ्यानं वायरींबद्दल गुळमुळीत काहीतरी सांगितलं. पिंपांचा विषय निघाला. केस आपल्या बाजूला झुकतेय हे मलाही कळायला लागलं, आणि मला कळतं ते सरकारी वकिलाला कळत नसेल असं थोडंच आहे?

सरकारी वकील माझंच गिऱ्हाईक. दर वर्षी पोट सुटायचं आणि दर वर्षी कोट सैल करायला माझ्याकडे यायचा. शेवटच्या भाषणाला तो उभा राहिला. तेलवाल्याची बायको पुढच्या बाकावर बसलेली होती. ती रोज यायची, ठरल्याप्रमाणे. तो तिच्यापाशी जाऊन थांबला आणि भावोजींकडे पाठ करून म्हणाला:

"ही बाई रोज इथे येऊन बसते. तिला शिक्षा नकोय, काही नकोय. तिला एवढंच कळायला हवंय, की तिच्या माणसानं शेवटी हाक मारली होती का? ती हाक ऐकण्याइतका जवळ एकच माणूस होता. तो इथेच बसलाय. त्याचे हात बांधलेले नाहीत, तोंड कुणी दाबलेलं नाही. ज्याच्या मनात काही नाही, त्याला या बाईशी दोन वाक्यं बोलायला काय झालं होतं?"

वकीलबाई खुर्ची सरकवतच उठली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "असं बोलता येत नाही हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे," ते म्हणाले. "हे सगळं नोंदीतून काढून टाका. मी यातलं काहीही विचारात घेणार नाही." सरकारी वकील म्हणाला, दिलगीर आहे. कोटाचं बटण लावलं आणि खाली बसला. दिलगिरीचा लवलेशही नव्हता चेहऱ्यावर. पोट भरल्यासारखा दिसत होता.

मी आयुष्यभर टाके उसवत आलेय. काळ्या कापडातला टाका काढला तरी भोकं राहतात, उजेडात धरलं की दिसतात. त्या बाईनं तेव्हा पहिल्यांदाच मान वळवून भावोजींकडे बघितलं. आतापर्यंत ती त्यांच्याकडे बघायची टाळत होती. त्या क्षणी मला त्या गलेलठ्ठ माणसाच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटला, आणि अजूनही वाटतो.

बाहेर पायऱ्यांवर भावोजींनी मला विचारलं, "काय म्हणाला तो? माझ्याकडे पाठ होती त्याची."

मी समोर उभी राहून सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

"वहिनींनी ऐकलं?"

"ऐकलं."

ते पायरीवर बसले. म्हणाले, "हाक मारली का, असं म्हणाला? नक्की तेच म्हणाला?"

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरांत आलं, ‘मनात काही नाही तर आरोपी बोलला का नाही?’ कोर्टाच्या नोंदीतून गेलेलं वाक्य रांगेतल्या प्रत्येक घरात चहाबरोबर पोहोचलं. भावोजींना आजवर गरीब माणूस म्हणणारे आता म्हणायला लागले, आतल्या गाठीचा आहे. बघा ना, चकार शब्द काढला नाही.

निकालाच्या आधी सरकारी वकील दुकानात आला. बगला काचतात म्हणाला. मी भावोजींची मेहुणी हे त्याला ठाऊक होतं, पण त्यात त्याला काही अडचण वाटली नाही. मी टाचण्या तोंडात धरून त्याच्याभोवती फिरले. मग टाचण्या हातात घेतल्या आणि विचारलं, "साहेब, ते तुम्ही का बोललात?"

"कुठलं?" त्यानं खरंच आठवून बघितलं. "अच्छा, ते. अहो टेलरबाई, न्यायाधीशांनी काढून टाकलं ना? मग झालं तर. मनावर नाही घ्यायचं. कोर्टात बोलावं लागतं असं."

"पण बोलायचं नसतं हे माहीत होतं तुम्हाला."

"म्हणून तर शेवटी बोललो," तो हसून म्हणाला, "आधी बोललो असतो तर विसरले असते लोक."

टाचणी मी जरा खोलच लावली. तो "आई गं" म्हणाला, मी दिलगीर आहे म्हणाले. मलाही येतं ते.

भावोजी सुटले. संशयाचा फायदा, असा शब्द वापरला न्यायाधीशांनी. त्यांचा हेतू चांगला होता, त्यांच्यावर माझा राग नाही. पण हा फायदा घेऊन माणूस ज्या रांगेत परत गेला तिथे एकाही दारातून कुणी ‘या’ म्हटलं नाही. वकीलबाईनं मात्र फोन करून सांगितलं, "आता केस संपली. बोला कुणाशी बोलायचं ते."

भावोजी त्याच दुपारी निघाले. मी शिवलेला शर्ट घातला, तोच, उसवून लांब केलेल्या बाह्यांचा. ताई म्हणाली, मला बघवणार नाही, तू जा बरोबर. बरोबर कुणीतरी लागतंच, कारण आपला आवाज कुठे चढतो ते त्यांना कळत नाही. फार चढला की मी कोपरानं ढोसायचं, असं आमचं ठरलं.

तेलवाल्याची बायको धुतलेले कपडे घडी करत बसली होती. आम्हाला बघून उठली, हातात टॉवेल तसाच. बाजूला ते लोखंडी कपाट. ती ‘बसा’ म्हणाली नाही, पण ‘जा’ही म्हणाली नाही.

भावोजी दारातच उभे राहून बोलले. पाठ केलेलं होतं सगळं. "वहिनी, मी सिगारेट ओढत नाही. त्या दिवशीही ओढली नव्हती. मी आत बघितलं होतं, मला तो दिसला नाही. तो पिंपांच्या मागे होता. दिसला असता तर मी दरवाजा ओढला असता का? माझ्या भावासारखा होता तो. मला कोर्टात सांगायचं होतं, पण मला बोलू दिलं नाही. आता सांगतोय." आवाज चढला. मी ढोसलं. आवाज खाली आला, पुन्हा चढला. रांगेतली दारं एकेक करून किलकिली व्हायला लागली, आणि मी त्या दारांकडे रागानं बघायला वळले.

माझं चुकलं ते तिथे. मी दारांकडे न बघता तिच्याकडे बघायला हवं होतं. सगळं ऐकता ऐकता तिचा बांध फुटला होता. टॉवेल तिनं दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला, आणि त्या टॉवेलातूनच विचारलं, अगदी हळू:

"त्यांनी हाक मारली होती का, दादा?"

मी वळेपर्यंत भावोजींनी मान हलवली होती. कारखान्यातली मान. पोहोचलं तुमचं, वहिनी, टॉवेल खाली घ्या, मग बघतो.

"मारली होती?" ती म्हणाली. टॉवेल तोंडावर तसाच होता. त्यांनी पुन्हा मान हलवली, या वेळी तिला धीर द्यावा तशी, सावकाश.

"नाही, नाही!" मी मध्ये पडले. "अहो, त्यांना कळलंच नाही तुम्ही काय विचारलंत! तुमचं तोंड झाकलेलं होतं. त्यांना ऐकू येत नाही हो. कारखान्यात कुणालाच येत नाही. समोरचे ओठ बघून बोलतात ते. तुम्ही इतक्या जवळ उभ्या आहात, तरी तुमचा एक शब्द त्यांच्या कानात शिरला नाही. आईशप्पथ सांगते!"

तिनं टॉवेल खाली घेतला. डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं, मग भावोजींच्या कानांकडे बघितलं. आवाज न चढवता, भांडण नसल्यासारखी बोलली.

"मी इतक्या जवळून बोलले ते यांना ऐकू आलं नाही. मग त्यांची हाक कशी ऐकू आली असेल, लोखंडी दरवाज्यामागून?"

तिनं हळूच दार लावलं. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तिचं शेवटचं बोलणं माझ्याकडे तोंड करून झालं होतं. भावोजींना तिचा नुसता गाल दिसला. बंद दाराकडे बघून ते मला म्हणाले, "बोलल्या ना शेवटी? काय म्हणाल्या वहिनी?"

रांगेतली दारं उघडी होती. मी चालायला लागले आणि पुढे तोंड करूनच सांगितलं, पाठमोरी, सगळं, जसंच्या तसं. मग वळून बघितलं.

भावोजींनी मान हलवली.